दोनशे तेरावा बदाम

धराबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. छातीच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढताना त्या तेच तीन शब्द म्हणत आल्या होत्या: श्वास घ्या, धरा, सोडा. पहिला शब्द लोक ऐकत नसत, कारण उघड्या छातीला गार पत्रा टेकल्यामुळे त्यांचं सगळं लक्ष तिकडे असे. तिसरा ऐकायची गरज नसे. मधला मात्र आयुष्यभर लक्षात राही. बाजारात मागून कुणीतरी ‘धराबाई’ म्हणून हाक मारी, त्या वळून बघत, आणि समोरचा चेहरा त्यांना अजिबात ओळखीचा वाटत नसे. त्याने पाठ दाखवली असती तर ओळखला असता.

त्यांचा एक नेम होता. चुकीची प्लेट आपल्या दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही. हललेली, काळवंडलेली, खांदा कापला गेलेली प्लेट निघाली तर डॉक्टरांच्या नजरेला पडायच्या आत त्या दुसरी काढत आणि पहिली कात्रीने कापून टाकत. एकतीस वर्षांत डॉक्टरांकडून एकही प्लेट परत आली नव्हती. हे त्या कुणाला सांगत नसत. सगळ्यांना ते माहीत असावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

निवृत्तीला चोवीस दिवस उरले असताना लाळेच्या मॅडम आल्या. हे नाव शिपायांनी त्यांना थोडं पुढे दिलं, पण तेच टिकलं म्हणून इथपासून वापरलेलं बरं. मॅडम विद्यापीठातल्या. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं भराभर, पायात आवाज न करणारे बूट. माणसाच्या शरीराची ठेवण पिढ्यान् पिढ्या कशी बदलत आली, हा त्यांचा विषय. दवाखान्याच्या रेकॉर्ड खोलीत धराबाईंच्या पहिल्या बारा वर्षांच्या चाळीस हजार प्लेटा खाकी पाकिटांत पडून होत्या. मॅडम यायच्या आधी त्यांच्या माणसांनी वर्षभर खपून त्या एकेक करून स्कॅन केल्या, संगणकाला दाखवल्या, आणि संगणकाने त्या दोन दिवसांत वाचून टाकल्या.

अधीक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चहाला बोलावलं. मॅडमनी भिंतीवर एक छाती दाखवली. बरगड्या, फुप्फुसं, आणि काळीज. फक्त काळीज रुग्णाच्या उजवीकडे होतं.

मॅडमनी समजावून सांगितलं ते असं. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्यात एक इवलासा खळगा असतो. त्या खळग्यात डोळ्यांना न दिसणारे केस एकाच दिशेने फिरत राहतात, आणि त्यांनी ढकललेल्या पाण्याच्या ओघावरून काळीज कुठल्या बाजूला, यकृत कुठल्या बाजूला हे ठरतं. जनुकात बिघाड होऊन केस फिरलेच नाहीत, तर नाणं उडवल्यासारखं होतं. निम्म्या वेळा सगळं उलटं, आरशात दिसावं तसं. अशी माणसं दहा हजारांत एखादं. चाळीस हजारांत चार-पाच सापडायला हवी होती. सापडली दोनशे बारा. सगळी एकाच सालची, आणि सगळी गिरणीच्या खालच्या वस्तीतली.

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मॅडम म्हणाल्या की वस्तीचा कुणी मूळपुरुष हे जनुक घेऊन आला असणार. पण खरी गंमत पुढे आहे. या दोनशे बारा प्लेटांवर काळजाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, एक खूण आहे. त्यांनी चित्र मोठं केलं. पत्त्यांतला असतो तसा छोटासा बदाम. तीस वर्षांपूर्वी, संगणक नसताना, कुणातरी तंत्रज्ञाने ही माणसं एकेक करून ओळखली होती आणि त्यांच्यावर खूण करून ठेवली होती.

“कोण होतं तेव्हा?” मॅडमनी विचारलं.

अधीक्षकांनी धराबाईंकडे बोट केलं. तेव्हाही एकच माणूस होतं आणि आत्ताही एकच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धराबाईंच्या हातातला चहा अर्धा झाला होता. उरलेला अर्धा संपेपर्यंत त्यांना सगळं कळून चुकलं होतं, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

बदामाची हकीकत अगदी साधी होती. छातीच्या प्लेटवर उजव्या बाजूला शिशाचं ‘आर’ हे अक्षर लावायची पद्धत असते, म्हणजे प्लेट कशीही फिरली तरी रुग्णाचा उजवा कुठला ते कळतं. दवाखान्यात असं एकच अक्षर होतं. धराबाई नोकरीला लागल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी तीन वर्षांच्या एका मुलीने ते गिळलं. लगेच तिची प्लेट काढली. तीवर ‘आर’ स्वच्छ दिसत होता, पण पोटात. आईने मुलीला घरी नेलं आणि अक्षर परत आणून देण्याचं कबूल केलं. ते काही आलं नाही, आणि मागायला जाण्याइतकं धराबाईंना ते हवंही नव्हतं.

त्यांनी भांडाराकडे मागणीपत्र पाठवलं. भांडाराने उलट विचारलं की एकच अक्षर कशासाठी हवं आहे, संपूर्ण वर्णमालेचा संच मिळेल, सुटं अक्षर देण्याची तरतूद नाही. हा पत्रव्यवहार मिटून अक्षरं यायला एकोणीस दिवस लागले. नेमके त्याच एकोणीस दिवसांत आरोग्य खात्याने गिरणी कामगारांची तपासणी काढली. सुताच्या धुळीने छात्या खराब होत होत्या, म्हणून खालची सगळी वस्ती रांगेने एक्स-रेच्या दारात उभी राहिली आणि बाकीच्या रुग्णांना पुढची तारीख मिळाली. धराबाईंनी शिशाचा जुना एप्रन घेतला, त्याच्या फाटलेल्या कडेचा तुकडा कापला. ‘आर’ कापायला अवघड, मधे भोक येतं. म्हणून त्यांनी शाळेत हस्तकलेच्या तासाला करत तसं केलं, तुकडा मधोमध दुमडला आणि कात्री वळवली. बदाम तयार झाला. काळजाची खूण काळजाच्या बाजूला, म्हणून तो त्यांनी डावीकडे लावला. रुग्ण पाठमोरा उभा असे, त्याचा डावा तो आपला डावा. तेव्हाचे छातीचे डॉक्टर हसले आणि म्हणाले, चालेल.

डॉक्टरांना ते चालत होतं, कारण त्यांना काळीज कुठे असतं ते ठाऊक होतं.

त्या दिवशी चहानंतर धराबाई रेकॉर्ड खोलीत गेल्या. स्कॅनवाला माणूस वायरी गुंडाळत होता. प्लेट म्हणजे दोन्हीकडून आरपार दिसणारा कागद. सुलटी कुठली नि उलटी कुठली हे तुम्ही कसं ठरवलंत, असं त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

“त्यात काय ठरवायचं,” तो म्हणाला. “आमच्या साहेबांनी सांगितलं होतं, प्लेटवर एक खूण असेल, ती पडद्यावर डाव्या हाताला आली पाहिजे. अक्षर उलटं दिसलं तर प्लेट पालथी करायची.”

“आणि खूण दोन्हीकडून सारखीच दिसली तर?”

“तर मग प्रश्नच नाही ना. डावीकडे आणली की काम झालं.”

‘आर’ डाव्या हाताला यायला हवा, कारण समोरून बघताना रुग्णाचा उजवा तो आपला डावा. बदामही त्याने इमानेइतबारे डाव्या हाताला आणला होता, आणि बदामाबरोबर दोनशे बारा काळजं, म्हणजे रुग्णांच्या उजवीकडे. दुमडून कापलेली वस्तू दोन्हीकडून सारखी दिसते, ही शाळेतली गोष्ट धराबाईंना तीस वर्षांनी पुन्हा कळली.

एवढं कळल्यावर तिथूनच मॅडमकडे जायला हवं होतं. अंतर एका जिन्याचं होतं. पण धराबाई घरी गेल्या, आणि त्याला कारण घरी बसलं होतं.

त्यांच्या यजमानांना सगळे भोंगेराव म्हणत. गिरणीचा भोंगा वाजवणं हे त्यांचं काम होतं. गिरणी बंद पडल्यावर भोंगा गेला, आवाज राहिला. तपासणीच्या रांगेत तेही होते. धराबाईंनी त्यांना पत्र्याला चिकटून उभं केलं, श्वास घ्या म्हणाल्या, धरा म्हणाल्या, आणि तेवढ्यात भांडाराचा फोन आला म्हणून बाहेर गेल्या. भांडाराचं म्हणणं होतं की वर्णमाला मोठी हवी की लहान. ते मिटवून त्या परत आल्या तेव्हा माणूस तसाच उभा, मान निळी, डोळे बाहेर. त्याने वळून न बघता बारीक आवाजात विचारलं, “सोडू का?”

चार दिवसांनी तपासणीचा निकाल घ्यायला ते आले. डॉक्टरांनी त्यांची प्लेट दिव्यासमोर धरली. फुप्फुसं स्वच्छ होती, आणि काळजाच्या बाजूला एक बदाम होता. भोंगेराव दुसऱ्या दिवशी केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून एक्स-रेच्या दारात आले.

तेव्हापासून ही गोष्ट ते सांगत आले होते. मुलीच्या बारशाला सांगितली, तिच्या लग्नात व्याह्यांना सांगितली, दाढ काढायला गेले तेव्हा दाताच्या डॉक्टरला, तोंडात कापूस असताना सांगितली. हिने आधी माझा श्वास अडकवला आणि मग काळजावर बदाम काढून पाठवला. मी काय करणार? धराबाई त्या वेळी चहा उकळला का ते बघायला आत जात. पहिल्यांदा त्यांनी खोडून काढलं नाही ते लाजेमुळे. नंतर खोडायचं राहून गेलं. पुढे पुढे ती गोष्ट भांडणात कामाला येऊ लागली, कारण बदाम पाठवणाऱ्या बाईवर भोंगेराव फार वेळ रागवू शकत नसत. दुसऱ्या वर्षापासून तीस वर्षांपर्यंत कुठलाच दिवस असा उगवला नाही, ज्या दिवशी नवऱ्याला सांगावं की बाबा रे, त्या दिवसांत तो बदाम मी सगळ्या गिरणीला लावला होता.

आता मॅडमना खरं सांगायचं तर घरी सांगावं लागणार होतं. धराबाईंनी ठरवलं, उद्या बघू.

त्या उद्याला आरोग्य खात्याची पत्रं निघाली. खात्याने या कामात कधी नव्हे ती चपळाई दाखवली. दोनशे बारांपैकी एकशे एकतीस पत्ते सापडले. मॅडमनी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं आणि लोकांनी रांगेने येऊन छोट्या नळ्यांत थुंकायला सुरुवात केली. गर्दी एवढी की दुसऱ्या दिवशी ज्यांना पत्र आलं नव्हतं तेही येऊन थुंकून गेले.

कुणाला वाटलं असतं की माणसं घाबरतील. तसं काही झालं नाही. खालच्या वस्तीला आजवर छातीच्या रोगापलीकडे काही मिळालं नव्हतं, आता मूळपुरुष मिळाला होता. वस्ती गिरणीबरोबर वसली होती आणि अकरा गावांची माणसं तिथे येऊन पडली होती, हे सगळ्यांना माहीत असूनही मूळपुरुषाचा पुतळा कुठे बसवावा यावर दोन बैठका झाल्या. न्हाव्याने दुकानात पाटी लावली की इथे उजव्या काळजाचा माणूस दाढी करतो. ज्याला पत्र आलं त्याला आपलं काळीज उजवीकडे धडधडताना जाणवू लागलं. इतकी वर्षं आपलं लक्ष कसं गेलं नाही, याचंच आश्चर्य.

भोंगेराव शिंप्याकडे गेले आणि तीन शर्टांचे खिसे डावीकडून काढून उजवीकडे लावून आणले. बदामाच्या गोष्टीला आता शास्त्राची जोड मिळाली होती. हिला तेव्हाच माझं काळीज वेगळं दिसलं होतं, ते सांगत. ओघ, जनुक, मूळपुरुष हे शब्द त्यांच्या तोंडात दोन दिवसांत रुळले.

घरात एकच माणूस नाराज होतं. भोंगेरावांची थोरली बहीण, धराबाईंच्या वन्सं, दोन दारं सोडून राहत. त्याही गिरणीत सूत गुंडाळायला होत्या, त्याच तपासणीत त्यांचीही प्लेट निघाली होती, पण त्यांना पत्र आलं नाही. एकाच आईच्या पोटची दोन मुलं, एक यादीत आणि एक बाहेर. त्या रोज संध्याकाळी येऊन भावाच्या खिशाकडे बघत बसत.

“वहिनी,” त्या एकदा म्हणाल्या, “आईने कधी आमच्यात डावं-उजवं केलं नाही. ते सरकारने केलं.”

धराबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि वन्संच्या मनातून ते जाईल असं काहीतरी पुटपुटल्या. ते जाणार नव्हतं. वन्संनी साठ वर्षांपूर्वीच्या खाऊच्या लहान-मोठ्या वाटणीचा हिशेबही अजून मनातून जाऊ दिला नव्हता.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी भोंगेरावांनी जेवण झाल्यावर एक कार्ड काढून दाखवलं. आरोग्य खात्याचं, गुलाबी, नाव आणि शिक्क्यासहित. या व्यक्तीचं हृदय उजव्या बाजूला असून पोटातील सर्व अवयव उलट बाजूस आहेत. अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांनी नोंद घ्यावी. भोंगेरावांनी ते प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं. असं कार्ड एकशे एकतीस जणांना मिळालं होतं.

ते दुपारचे झोपले तेव्हा धराबाई त्यांच्याजवळ बसल्या आणि त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. डाव्या स्तनाखाली, जिथे असतं तिथेच, काळीज निवांत ठोके देत होतं. उजवीकडे ठेवून पाहिला. तिथे फक्त घोरणं लागत होतं. मॅडमच्या माणसांनी वर्षभर प्लेटा हाताळल्या होत्या, मॅडमनी पेट्या भरभरून लाळ गोळा केली होती, खात्याने कार्डं छापली होती, आणि इतक्या जणांच्या काळजाची चर्चा चालली असताना एकाच्याही काळजावर कुणी हात ठेवलेला नव्हता.

खिशातलं गुलाबी कार्ड म्हणजे चुकीची प्लेट होती, आणि ती दारातून बाहेर गेली होती. उद्या घाईतल्या एखाद्या सर्जनने ते वाचून चाकू कुठे लावला असता, हे धराबाईंना आठ दिवस सुचलं नव्हतं. आता सुचल्यावर त्यांना बसवेना.

मॅडम दवाखान्याच्या मागच्या खोलीत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. धराबाईंनी हातातली चपटी डबी टेबलावर ठेवली. तीत बदाम होता. कडा झिजून बोथट झालेला, नखाएवढा. त्यांनी तो दोन बोटांत धरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने दाखवला आणि भांडाराच्या पत्रव्यवहारापासून स्कॅनवाल्यापर्यंत सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मॅडमनी हातातली चिठ्ठी नीट सपाट केली.

“पहिल्या सव्वीस नळ्यांत काहीच सापडलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी लिहून टाकलं होतं की जनुक अजून अज्ञात आहे.”

“एकाच्या तरी छातीला हात लावून बघायचा होतात.”

“संमतीपत्र फक्त लाळेचं होतं, ताई.” मग त्यांनी मान वर केली. “तुम्हाला हे कधी लक्षात आलं?”

“त्याच दिवशी. चहा पिताना.”

“आणि आज नववा दिवस.”

“घरचं कारण होतं,” धराबाई म्हणाल्या. मॅडमनी पुढे विचारलं नाही, आणि त्या क्षणी त्यांच्याबद्दल धराबाईंचं मत पहिल्यांदा चांगलं झालं.

मॅडमनी हाय खाल्ली नाही, हेही नोंदवायला हवं. त्यांनी डोळे पुसले की चष्मा पुसला ते धराबाईंनी बघायचं टाळलं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या की त्या एकोणीस दिवसांच्या सगळ्या प्लेटा काढा, आपण एकेक हाताने बघू. धराबाईंनी एक्स-रेचं जुनं रजिस्टर आणलं. त्यात त्या दिवसांच्या छातीच्या प्लेटा दोनशे तेरा होत्या.

“दोनशे बारा,” मॅडम म्हणाल्या.

“दोनशे तेरा. आकडे माझ्या हातचे आहेत.”

सगळ्या दोनशे तेरावर बदाम होता. संगणकाला उलटी वाटली ती दोनशे बारा, म्हणजे ती सगळी सुलटी. मग एक प्लेट अशी होती, की जी इतरांसारखीच पालथी स्कॅन होऊनही सुलटी दिसली होती, आणि म्हणून संगणकाने ती सर्वसाधारण म्हणून बाजूला टाकली होती. दोघींनी ती शोधून दिव्याच्या पेटीवर लावली. बाकी प्रत्येक प्लेटवर बदाम नि काळीज एका बाजूला होते. या एकीवर बदाम एकीकडे आणि काळीज दुसरीकडे.

चाळीस हजारांत सापडायला हव्यात अशा चार-पाच माणसांपैकी एक, खरंखुरं, तीस वर्षांपूर्वी धराबाईंसमोर पाठ करून उभं राहिलं होतं. त्यांनी त्याला धरा म्हटलं होतं, सोडा म्हटलं होतं, बदाम लावला होता आणि पुढच्याला बोलावलं होतं. डॉक्टरांनी प्लेट दिव्यावर लावताना काळीज सवयीने नेहमीच्या बाजूला आणलं असणार. एकही चूक नाही अशा एकतीस वर्षांत ही एक होती, आणि ती कुणीच परत पाठवली नव्हती. धराबाईंनी खाकी पाकिटावरचं नाव वाचलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

नाव वन्संचं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी भोंगेरावांना सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत. एप्रन, कात्री, दुमडलेला तुकडा, एकोणीस दिवस. भोंगेरावांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. ते इतके गप्प गिरणीच्या संपातही नव्हते.

“सगळ्यांना?” त्यांनी शेवटी विचारलं.

“सगळ्यांना.”

“ताईलाही?”

“वन्संनाही.”

भोंगेरावांनी उजवीकडच्या खिशावरून हात फिरवला. “त्या मुकादमालासुद्धा?”

मुकादमाने भोंगेरावांचे तीन दिवस विनाकारण कापले होते, ते त्यांनी मुकादम मेल्यावरही माफ केलं नव्हतं. धराबाईंना खोटं बोलावंसं वाटलं, पण आता सवय मोडायची होती. “त्यालासुद्धा,” त्या म्हणाल्या.

भोंगेराव उठले, चपला घातल्या आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. त्यानंतर पंधरा दिवस घरात सगळं रीतसर चाललं. चहा आला, जेवण झालं, औषधाच्या गोळ्यांची आठवण झाली. फक्त बदामाची गोष्ट कुणी सांगितली नाही. एकदा मुलीचा फोन आला आणि तिने आपल्या सासूसमोर ती सांगायला वडिलांना गळ घातली, तेव्हा त्यांनी फोन धराबाईंच्या हातात दिला आणि पाणी प्यायला आत गेले. भांडण झालं असतं तर बरं, असं धराबाईंना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

खात्याने दुसरी पत्रं काढली: आपलं हृदय नेहमीच्या जागी आहे, कार्ड परत करावं. एकशे एकतीसपैकी सतरा कार्डं परत आली. न्हावी म्हणाला की सरकार दिलेलं नेहमीच काढून घेतं, यात नवल नाही, आणि पाटी तशीच ठेवली. शेवटी आरोग्यसेविकांना घरोघर धाडावं लागलं. त्या प्रत्येकाचा हात त्याच्याच छातीवर ठेवून दाखवत, आणि मग कार्ड मागून घेत. मॅडमनी आपला निबंध फाडून नवा लिहायला घेतला: जुन्या प्लेटांवरच्या खुणा संगणकाला कशा फसवतात. त्यात आभार धराबाईंचे होते. धराबाईंनी विचारलं की चूक नेमकी कुणाची असं लिहिलंय. मॅडम म्हणाल्या, भांडाराची. बदामाची डबीही त्या नमुना म्हणून मागून घेऊन गेल्या.

वन्संना पत्र द्यायला मॅडम स्वतः गेल्या, धराबाईंना सोबत घेऊन. वन्संनी पत्र हातात न घेता ऐकून घेतलं.

“आधी गावभर वाटलंत, मग परत घेतलंत,” त्या म्हणाल्या. “माझं कधी परत घेणार?”

धराबाईंनी त्यांच्या छातीवर उजव्या बाजूला हात ठेवला. काळीज तिथे होतं. वन्सं हाताकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या की उजव्या कुशीवर झोपलं की धडधड ऐकू येते, ती त्यांना लहानपणापासूनच येते. सगळ्यांनाच येत असेल असं वाटलं. लाळ मात्र त्यांनी दिली नाही. हात लावून खात्री झाली असेल तर थुंकायचं कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. मॅडमनी रिकामी नळी पिशवीत परत ठेवली.

धराबाईंच्या शेवटच्या दिवशी सकाळी वन्सं आपणहून दवाखान्यात आल्या. आता प्लेटा नव्हत्या, मशीन नवं होतं, डावं-उजवं तेच लिहीत असे. धराबाईंनी त्यांना उभं केलं आणि शेवटचं एकदा तिन्ही शब्द म्हणाल्या. पडद्यावर काळीज वन्संच्या उजवीकडे उमटलं. या वेळी त्यांनी दोनदा बघितलं.

दुपारी निरोपाची सभा झाली. अधीक्षक बोलले, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मग कुणीतरी भोंगेरावांना दोन शब्द बोलायला सांगितलं. धराबाईंनी नजर घड्याळाच्या खोक्याकडे वळवली. भोंगेराव उठले. शर्टाचा खिसा अजून उजवीकडेच होता. त्यांनी घसा साफ केला आणि बदामाची गोष्ट सुरू केली. श्वास अडकल्याची, निळ्या मानेची, सोडू का विचारल्याची. सभा हसली. मग ते नेहमीच्या जागी येऊन थांबले.

“लोक म्हणतात, हिने तो बदाम दोनशे बारा जणांना दिला होता,” ते म्हणाले. “असेल. दुसऱ्या दिवशी केस विंचरून विचारायला आलो तो मी एकटाच.”

धराबाई चहा उकळला का ते बघायला उठणार होत्या, पण इथे आत जायला स्वयंपाकघर नव्हतं. त्या बसून राहिल्या.

पहिल्या रांगेतून वन्संचा आवाज आला. “दोनशे तेरा,” त्या म्हणाल्या. “मला धरून.”